बंदुकीच्या नळीतले बारीक खड्डे: घासायचे की सोडायचे?

प्रश्न असा आहे: बारा बोअरची जुनी दुनळी बरीच वर्षं कपाटात पडून होती. उजव्या नळीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) थोडं पुढे आणि पुन्हा तोंडाच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतात. डावी नळी जवळजवळ स्वच्छ आहे. हे ठिपके घासून काढावेत का, तसेच ठेवून बंदूक वापरता येईल का, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून काय करावं?

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. ठिपके खरोखर उथळ असतील तर ते काढण्याच्या मागे लागू नका. गंज थांबवा, खड्डा राहू द्या. गंजाने खाल्लेली जागा मोहरीएवढीही नसते, पण ती दिसेनाशी करायची तर तिच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी नळी खरवडावी लागते. म्हणजे गंजाने जेवढं पोलाद नेलं त्याच्या कित्येक पट आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो, आणि ते पुन्हा भरून येत नाही. बंदुकीच्या माऱ्यावर उथळ खड्ड्यांचा म्हणण्यासारखा परिणामही होत नाही. हल्लीच्या बहुतेक काडतुसांत छर्रे प्लास्टिकच्या पेल्यात बसून नळी पार करतात, भिंतीला टेकतसुद्धा नाहीत. खड्ड्याचा खरा त्रास वेगळाच आहे: त्यात काजळी बसते, काजळीत ओल बसते, आणि गंजाला घर मिळतं.

बंदूक हातात घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ती रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोन्ही चेंबरमध्ये तपासा, नळ्या कुंद्यापासून वेगळ्या करा आणि काडतुसं त्या खोलीबाहेर ठेवा. पुढचं सगळं काम सुट्या नळ्यांवरच करायचं आहे.

आता ते ठिपके खड्डेच आहेत का, हे ठरवू. इथे बरेच जण फसतात. चेंबरच्या लगेच पुढे नळी निमुळती होते, त्या फोर्सिंग कोनमध्ये आणि पुढे तोंडाजवळच्या आवळलेल्या भागात, म्हणजे चोकमध्ये, दोन प्रकारचा मळ घट्ट बसतो. एक वॅडचं, म्हणजे छर्रे धरणाऱ्या त्या पेल्याचं, प्लास्टिक. धावत जाणाऱ्या वॅडचा थर उष्णतेने आणि घर्षणाने मऊ होऊन पोलादावर पुसला जातो आणि लांबट राखाडी पट्टे उमटतात. दुसरं शिसं. उघड्या छऱ्यांची किंवा स्लगची (एकाच मोठ्या गोळीची) काडतुसं वापरली असतील तर त्याचे चमकदार रुपेरी ओघळ दिसतात. दोन्हींच्या कडा उजेडात खड्ड्यांसारख्याच भासतात. त्याहून वाईट म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली ओल अडकून राहते, त्यामुळे वरून मळ दिसतो आणि खाली खरे खड्डे तयार होत असतात. म्हणून नळी पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय कोणतंही निदान करायचं नाही.

स्वच्छ करताना गज (सफाईचा लांब दांडा) नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. अखंड गज सर्वांत चांगला. जोडगज वापरत असाल तर सांध्यांच्या कडा नळीला खरचटत नाहीत ना ते पाहा. नळीत बोअर सॉल्व्हंट (नळीतला मळ सोडवणारा द्रव) चांगला फिरवा आणि १५ ते २० मिनिटं नळी आडवी ठेवून मुरू द्या. मग फॉस्फर ब्राँझच्या ब्रशने २० ते ३० फेऱ्या मारा. प्रत्येक फेरी ब्रश दुसऱ्या टोकाने पूर्ण बाहेर पडेपर्यंत न्यायची. मध्येच उलटा ओढायचा प्रयत्न केला की तारा वाकतात, ब्रश अडकतो. चेंबरचा व्यास नळीपेक्षा मोठा असल्याने बारा बोअरचा ब्रश तिथे सैल फिरतो. बारा बोअरच्या चेंबरला दहा बोअरचा, म्हणजे जास्त जाड, ब्रश लागतो. त्यानंतर कोरड्या चिंध्या. पुन्हा सॉल्व्हंट, पुन्हा ब्रश, पुन्हा चिंध्या, असं चिंधी पांढरी निघेपर्यंत.

प्लास्टिकबद्दल एक गैरसमज आहे. वॅडचं पॉलिथिलीन नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. सॉल्व्हंट त्याच्या कडेखाली शिरून पकड सैल करतो, उचकटण्याचं काम ब्रशलाच करावं लागतं. चिंधीवर राखाडी, वळलेले पापुद्रे दिसू लागले की समजा, सुटतंय. शिसं हटत नसेल तर जुन्या ब्रशभोवती ०००० नंबरचं स्टील वूल गुंडाळा, तेलात भिजवा आणि त्या जागी २०-३० फेऱ्या मारा. इतकं बारीक स्टील वूल तेलासह वापरलं तर पोलादावर ओरखडा उमटत नाही. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं विरघळवण्याचा उपाय मात्र साफ टाळा. त्यातून शिशाचा विद्राव्य, विषारी क्षार तयार होतो, आणि ते मिश्रण थोडा वेळ जास्त राहिलं तर पोलादही खातं. म्हणजे खड्डे काढायला गेलात आणि नवे करून आलात. या सगळ्या कामात हातमोजे घाला, चिंध्या एका पिशवीत बांधून टाका आणि नंतर हात साबणाने धुवा. नळीतल्या काजळीत शिसं असतंच.

नळी चकचकीत झाली की पाहायची. दिव्याकडे थेट तोंड करून पाहिलं तर सगळीच नळी सुंदर दिसते. नळीच्या टोकापलीकडे उजेडातली पांढरी भिंत किंवा कागद असू द्या, नळी हळूहळू कलती करा, म्हणजे उजेड आणि सावली यांची सीमा भिंतीवरून सरकत जाईल. खड्डे त्या सीमेवरच उठून दिसतात. दोन्ही टोकांकडून पाहा. निर्दोष नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, नीट गोल दिसतात. वर्तुळ एका बाजूने चंद्रकोरीसारखं दबलं असेल तर तिथे पोचा आहे. अख्खी गोल कडी दिसत असेल तर नळी त्या जागी फुगलेली आहे. पोचा आणि फुगवटा हे या उत्तराचे विषय नाहीत, ते दिसले तर बंदूक कुशल कारागिराकडे जायला हवी, आणि तोपर्यंत तिच्यातून काडतूस उडवायचं नाही.

खड्डा उथळ की खोल, याचा एक साधा अंदाज घेता येतो. गजाला कोरडा कापूस घट्ट गुंडाळून सावकाश फिरवा. उथळ, गुळगुळीत कडांच्या ठिपक्यांवरून तो सहज जातो. धारदार कडांच्या खड्ड्यांत तंतू अडकून राहतात आणि उजेडात पांढरे केसर दिसतात. बोअरस्कोप (नळीत घालून आतलं मोठं करून दाखवणारा कॅमेरा) असेल तर वापरा, पण त्यात जे दिसेल त्याला भिऊ नका. ०.०२ मिमीचा ओरखडा त्यात विहिरीसारखा दिसतो.

जिवंत गंज आणि मेलेला खड्डा

कुठला खड्डा अजून वाढतोय आणि कुठला केवळ जुना व्रण आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पोलादावर सगळीकडे सारखा चढणारा गंज तसा आळशी असतो. खड्ड्यातला गंज तसा नसतो. खड्ड्याच्या तळाशी हवा कमी पोचते आणि बाहेरच्या पृष्ठभागाला भरपूर मिळते. या फरकामुळे एक इवलीशी विद्युतघट तयार होते आणि तळाचं लोखंड विरघळत राहतं. मिठातले क्लोराइड तिथे असतील तर ते आत ओढले जातात, तळाचं पाणी आम्लधर्मी होतं, आणि गंज स्वतःच स्वतःला वाढवत खाली जातो. वर बसलेला तपकिरी पापुद्रा या सगळ्यावर झाकणासारखा राहतो. म्हणूनच वरवर तेल लावलेली नळी आतून खात राहू शकते. तेल पापुद्र्याच्या वर असतं, ओल त्याच्या खाली.

तपासणी सोपी आहे. नळी वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा, कोरडी करा, पातळ बंदूक-तेलाचा हलका हात फिरवा आणि आठवडाभर आडवी ठेवा. मग स्वच्छ पांढरी चिंधी घट्ट बसेल अशी एकदाच आरपार न्या. चिंधी राखाडी निघाली तर ती उरलेली काजळी. तपकिरी किंवा नारिंगी निघाली तर गंज जिवंत आहे. पांढरी निघाली तर तुमचे ठिपके मेलेले खड्डे आहेत आणि काम जवळजवळ संपलं.

चिंधी तपकिरी असेल तर गंज मारायचा. भेदक तेल, म्हणजे जाम झालेले नट सोडवायला वापरतात तसलं पातळ तेल, नळीत भरपूर लावा, दोन्ही तोंडांना तेलाच्या चिंधीचे बोळे लावा आणि २४ ते ४८ तास ठेवा. अधूनमधून नळी फिरवत राहा, नाहीतर सगळं तेल तळाशी जमतं. मग ब्राँझ ब्रश, मग तेलात भिजवलेलं ०००० स्टील वूल हाताने, घाई न करता. पुन्हा आठवडाभर थांबून चिंधीची परीक्षा. दोन-तीन फेऱ्या लागल्या तर नवल नाही. बोळे लावलेत हे विसरू नका. नळ्या गुंडाळून ठेवल्या असतील तर वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधा. बोळा अडकलेल्या नळीतून काडतूस उडवलं तर नळी फुटते.

गंज काढणारी आम्लं, फॉस्फोरिक आम्लाची जेली, लिंबूसत्त्व, व्हिनेगर यांच्या वाटेला जाऊ नका. लोखंडी सामानावर ती उत्तम चालतात. नळीवरचं काळं ब्लूइंग मात्र स्वतःच लोखंडाचं ऑक्साइड आहे. आम्लाला ते आणि गंज यांतला फरक कळत नाही, जिथे थेंब ओघळेल तिथे पांढरा पट्टा उमटतो. शिवाय खड्ड्यात राहिलेलं आम्ल पूर्णपणे धुऊन काढणं कठीण असतं.

एक जुना, आणि माझ्या मते फार कमी वापरला जाणारा, उपाय आहे उकळत्या पाण्याचा. तांबडा गंज उकळत्या पाण्यात ठेवला की त्याचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. नळ्यांना संथ गंजवून काळा रंग देण्याची पारंपरिक पद्धत याच गुणावर चालते. नळ्यांचा तेलकटपणा पूर्ण काढून, एजेक्टर (उडालेलं काडतूस बाहेर फेकणारा भाग) आणि सुटे चोक काढून, त्या लांबट पत्र्याच्या टाकीत ऊर्ध्वपातित पाण्यात २० ते ३० मिनिटं उकळायच्या. बाहेर काढल्यावर पोलाद इतकं तापलेलं असतं की पाणी आपोआप उडून जातं. गार झाल्यावर सुटलेली काळी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने किंवा स्टील वूलने झटकायची आणि लगेच तेल द्यायचं. दुनळीच्या नळ्या आणि रिबा (दोन्ही नळ्यांमधल्या लांब पट्ट्या) शिसं-कथलाच्या झाळणीने जोडलेल्या असतात. ती साधारण १८३ अंश सेल्सिअसच्या वर वितळते, त्यामुळे १०० अंशांच्या पाण्याने तिला धोका नाही. पण रिबेच्या झाळणीत कुठे फट असेल तर पाणी तिच्याखाली शिरेल आणि बाहेर येणार नाही. हा उपाय करण्याआधी रिबा तपासाव्या लागतात.

ती तपासणी अशी: एजेक्टर काढून नळ्या खालच्या आकड्याला (हुकाला) दोरीने टांगा आणि लाकडी दांड्याने किंवा बोटाच्या पेराने हलकेच टोला द्या. रिबा घट्ट असतील तर घंटेसारखा लांबत जाणारा नाद येतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी झाळण सुटली आहे. अशा फटीतून आत गेलेली ओल नळीला बाहेरून आत खाते, आणि हा गंज ना बाहेरून दिसतो ना आतून. नळीच्या आतले ठिपके मोजत बसण्यापेक्षा जुन्या दुनळीत ही तपासणी मला जास्त महत्त्वाची वाटते.

घासायचंच असेल तर आधी माप

काही वेळा थोडं पॉलिश करण्यात अर्थ असतो. खड्ड्यांच्या कडा धारदार असतील, काजळी आणि प्लास्टिक तिथे वारंवार पकडत असेल आणि साफसफाईला प्रत्येक वेळी तास लागत असेल, तर कडा बोथट करणं फायद्याचं. कडाच फक्त, तळाला पोचायचं नाही.

हिशेब असा मांडा. खड्डा ०.०५ मिमी खोल असेल आणि तो पूर्ण काढायचा असेल तर नळीची भिंत ०.०५ मिमीने पातळ होते आणि आतला व्यास दुप्पट, म्हणजे ०.१० मिमीने वाढतो. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिमी असतो, तो १८.६ होईल. भिंतीची जाडी मात्र जागोजागी वेगळी असते. चेंबरपाशी ती भरपूर असते आणि पुढे पातळ होत जाते. सर्वांत पातळ जागा बहुधा नळीच्या पुढच्या अर्ध्या भागात सापडते. त्या पातळ जागेसाठी कारागिरांमध्ये रूढ असलेली खालची मर्यादा ०.५ मिमी, इंचाच्या भाषेत २० थाऊ, म्हणजे इंचाचे २० हजारांश. सर्वांत पातळ जागी ०.६० मिमी असेल तर ०.०५ काढूनही ०.५५ उरते. ०.५३ असेल तर तो खड्डा तसाच राहिलेला बरा. ही मर्यादा फक्त पुढच्या भागापुरती आहे. चेंबरजवळ त्याहून पुष्कळ जास्त जाडी लागते, कारण काडतूस पेटल्यावरचा सर्वोच्च दाब तिथेच असतो. सीआयपी या बंदुका-काडतुसांच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांनुसार बारा बोअरच्या साध्या काडतुसांसाठी तो ७४० बारपर्यंत आणि उच्च क्षमतेच्या काडतुसांसाठी १०५० बारपर्यंत धरला जातो.

जाडी मोजायला नळीच्या आत दांडा जाईल असा वॉल थिकनेस गेज लागतो. व्हर्नियरने फक्त तोंडाची जाडी कळते, आणि तोंडाशी चोक असल्याने तो आकडा फसवा असतो. नळीच्या लांबीवर दर ५ सेंमीला आणि प्रत्येक ठिकाणी चारही बाजूंनी मोजावं, कारण जुन्या नळ्यांत छिद्र क्वचितच अगदी मधोमध असतं. एका बाजूला ०.८ आणि समोरच्या बाजूला ०.५ असं सापडणं असामान्य नाही. गेज नसेल तर हे माप कारागिराकडून काढून घ्या. माप न काढता घासायला सुरुवात करणं हा एकच सल्ला मी कुणालाही देणार नाही. ब्रिटिश बंदुकांवर प्रूफच्या (जास्त दाबाच्या अधिकृत चाचणीच्या) वेळचा आतला व्यास नळीखाली कोरलेला असतो, आणि तो ब्रीचपासून (नळीच्या मागच्या टोकापासून) ९ इंचांवर, म्हणजे सुमारे २३ सेंमीवर मोजलेला असतो. आजचं माप त्याच जागी घेतलं की आपल्या आधी कुणी नळी घासली आहे का, हेही कळतं. व्यास नियमात बसेनासा झाला तर ती बंदूक प्रूफबाहेर जाते.

मापं समाधानकारक असतील तर सर्वांत सौम्य साधनापासून सुरुवात करा. ब्रशभोवती ०००० स्टील वूल, तेल, आणि हात. हे पुष्कळदा पुरतं. त्याने भागलं नाही तर बॉल होन, म्हणजे लवचिक तारांच्या टोकांना घासकणांचे गोळे असलेला गोल ब्रश. त्याच बोअरसाठी बनवलेला, आधी ४०० ग्रिटचा आणि शेवटी ८०० चा (आकडा मोठा, तितके घासकण बारीक). नळी मऊ जबड्यांच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवी, न चिमटता धरा. नळीत आणि गोळ्यांवर होनिंग तेल सढळ घाला. ड्रिलचा वेग मिनिटाला ५०० ते ७५० फेरे. गोळे चेंबरमध्ये शिरल्यावरच वेग वाढवा, लांब दांडा बाहेर मोकळा फिरला तर चाबकासारखा झोडतो. मग न थांबता पुढे-मागे, एका वेळी २० ते ३० सेकंद. बाहेर काढताना वेग कमी करा, पण फिरता ठेवूनच काढा. थांबवून ओढलात तर नळीत उभे ओरखडे पडतात. प्रत्येक पाळीनंतर नळी पुसा, पाहा, मोजा.

चूक बहुतेक वेळा एकच होते: खड्डे एका ठिकाणी दिसतात म्हणून माणूस तिथेच होन फिरवत राहतो. त्याने त्या जागी रुंद, उथळ वाटीसारखी कडी पडते, उजेडाची वर्तुळं तिथे वाकडी होतात आणि भिंत नेमकी गंजाने आधीच कमजोर झालेल्या जागी आणखी पातळ होते. होन नेहमी लांब टप्प्यात फिरवा.

दुसरी चूक चोकची. चोक हा नळीचा आतला व्यास आणि तोंडाचा व्यास यांतला फरक असतो. बारा बोअरमध्ये फुल चोक सुमारे ०.९ ते १ मिमीचा. होन तोंडातून बाहेर काढला तर चोक मोकळा होतो आणि छऱ्यांचा घेर बदलतो. म्हणून न निघणाऱ्या चोकच्या नळीत तोंडापासून ७-८ सेंमी अलीकडे थांबायचं, आणि दांड्यावर त्या मापाला चिकटपट्टी लावून ठेवायची. याची उलट बाजूही ध्यानात घ्या. चोक न घासता मागची नळी ०.१ मिमीने मोठी केली तर चोक तेवढाच आवळला जातो. ०.५ मिमीचा चोक ०.६ चा होतो. दुनळीत एकच नळी घासली तर दोन्ही नळ्यांचा आपसातला मेळ थोडा बदलतो.

आतून क्रोमचा मुलामा असलेल्या नळीला होन किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. क्रोम असताना खड्डे दिसतायत याचा अर्थ मुलामा तडकून त्याखाली गंज गेला आहे, आणि घासल्याने पापुद्रे सुटत जातील. दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळ्यांचंही तेच. त्यांच्या सांध्यांत भट्टीच्या वेळचा मळ अडकलेला असतो आणि गंज त्या सांध्याने तिरका आत जातो. वरून ठिपका, आत बोगदा. अशा नळीबद्दल घरबसल्या निर्णय घेता येत नाही.

तुमच्या वर्णनातले चेंबरपुढचे ठिपके मी तोंडाजवळच्या ठिपक्यांपेक्षा अधिक गांभीर्याने घेईन. तिथे भिंत जाड असते हे खरं, पण दाबही तिथेच. चेंबरच्या आतच खड्डे असतील तर उडालेल्या काडतुसाचं कवच त्यांत रुतून बसतं आणि बाहेर निघताना अडतं. एजेक्टर अडखळू लागला तर तिथे पाहा. खड्डे ओळीने, एकमेकांना जोडले जाऊन चर तयार झाली असेल, आतला खड्डा आणि बाहेरचा खड्डा समोरासमोर आले असतील, किंवा कापसाचे तंतू जागोजाग अडकत असतील, तर हे 'बारीक खड्डे' राहिले नाहीत. मग कारागिराकडून माप आणि गरज पडली तर पुन्हा प्रूफ. फार झालं असेल तर जुन्या ब्रीचला नव्या नळ्या बसवून, म्हणजे स्लीव्हिंग करूनही बंदूक वाचवता येते, पण तो खर्च बंदुकीच्या मोलाशी ताडून पाहावा लागतो. नळीवरचं कोणतंही काम सोपवताना परवान्याची कागदपत्रं बरोबर द्यायला विसरू नका.

पुन्हा गंज धरू नये म्हणून

जुन्या बंदुकांत इतके खड्डे का दिसतात, याचं उत्तर बहुधा जुन्या काडतुसांत असतं. पूर्वीच्या टोप्यांत (काडतुसाची दारू पेटवणाऱ्या प्रायमरमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, जे मिठाचं सख्खं भावंड आहे, हवेतली ओल ओढून घेतं आणि तेलात विरघळत नाही. तेलाने पुसलेल्या नळीत हा क्षार तसाच राहायचा. काळ्या दारूचा मळही असाच ओल ओढतो. अशी काडतुसं वापरली असतील तर पहिली धुलाई पाण्याचीच हवी, तीही कढत, म्हणजे पोलाद तापून लगेच वाळेल. त्यानंतर सॉल्व्हंट आणि तेल. हल्लीच्या टोप्यांतून असा क्षार येत नाही, म्हणून काडतुसं आधुनिक असतील तर पाणी लागत नाही. तरी काजळी ओल धरून ठेवतेच. बंदूक वापरली त्याच दिवशी, नळी कोमट असतानाच, एक चिंधी सॉल्व्हंटची, ब्रशच्या दहा फेऱ्या, दोन कोरड्या चिंध्या आणि एक तेलाची, एवढं केलं तर प्लास्टिकचा थर जमायला वावच राहत नाही.

पावसात भिजलेल्या बंदुकीला आधी पाणी हटवणारा फवारा. डब्ल्यूडी-४० या कामाला उत्तम आहे, नावातले डब्ल्यू आणि डी पाणी हटवण्याच्या गुणावरूनच आले आहेत. पण तो उडून गेल्यावर मागे उरणारा थर फारच पातळ असतो. त्यावर बंदूक ठेवून देणं ही नेहमीची चूक. फवारा पुसून काढा आणि मग गंजरोधक तेल लावा. काही आठवड्यांपुरतं ठेवायचं असेल तर पातळ खनिज तेल चालतं. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर गंजरोधक मिसळलेलं दाट तेल किंवा पातळ ग्रीस. वनस्पती तेलं वापरू नका, ती हवेने घट्ट होऊन लाखेसारखा चिकट थर बनतात. बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात सर्वांत सोयीचा. घामाच्या बोटांपासून मेण तेलापेक्षा चांगलं सांभाळतं आणि हाताला लागत नाही. हाताळून झालं की नळ्यांवरचे बोटांचे ठसे पुसायचेच. घामात मीठ असतं, आणि ब्लूइंगवर दुसऱ्या दिवशी उमटणारे तांबडे ठसे त्याचेच.

तेल जास्त घातल्याने फायदा होत नाही. बंदूक उभी ठेवली की ते ओघळून यंत्रात आणि तिथून कुंद्याच्या लाकडात जातं, लाकूड मऊ पडतं. म्हणून ठेवताना तोंड खाली, किंवा आडवी.

दुर्लक्षित जागा तीन: एजेक्टरचे पाय बसतात त्या खाचा, रिबेचे दोन्ही अंगांचे कोपरे, आणि सुट्या चोकचे आटे. चोक बसवलेला ठेवला की आट्यांत काजळी आणि ओल कोंडते आणि वर्षभराने तो फिरत नाही. दर वापरानंतर काढा, आटे पुसा, चोक-ग्रीस लावून हाताने बसवा. अडकलाच तर भेदक तेलात दोन दिवस ठेवा; हातोडी आणि पाना यांनी आटे फाटतात.

जागेबद्दल. पोलादाला गंज धरण्याचा वेग हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने वाढतो, आणि पृष्ठभागावर मीठ असेल तर त्याहून खालीही गंज चालू राहतो. कपाटात ४५ ते ५५ टक्के ठेवायचा प्रयत्न करा. आर्द्रतामापक आधी तपासून घ्या: झाकणात मीठ आणि थोडंसं पाणी मिसळून ओलसर लगदा करा, मापकासह बंद डब्यात ठेवा, १० ते १२ तासांनी त्याने ७५ दाखवायला हवं. जितका फरक, तितकी त्याची चूक.

बंद कपाटात छोटा तापक दांडा हा सर्वांत बिनत्रासाचा उपाय. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापली की तीच हवा ६० टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असूनही. वीज नको असेल तर सिलिका जेल, पण ती आपल्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी धरते आणि थांबते. रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरायची. न तापवलेली जेल कपाटात ठेवणं म्हणजे ओली पुरचुंडी ठेवणं. कपाट ओलसर भिंतीला चिकटवू नका. बंदूक चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत साठवू नका, या पेट्या नेआणीसाठी असतात. ओल शोषतात आणि नळीला बिलगून राहतात. ओकच्या लाकडातून अॅसिटिक आम्लाची वाफ निघते, म्हणून तशी देखणी लाकडी कपाटंही पोलादाला मानवत नाहीत.

राहिलं दव. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पोलादावर पाणी सुटतं. वातानुकूलित खोलीतून बंदूक दमट हवेत आणली की नळी आतूनबाहेरून ओली होते, आणि आतली ओल दिसत नाही. अशी बंदूक पेटीतच तासभर राहू द्या, पोलाद बाहेरच्या तापमानाला आलं की उघडा. त्यानंतरही नळीतून एक कोरडी चिंधी फिरवा.

दोन-तीन महिन्यांनी, दमट दिवसांत दर महिन्याला, पांढरी चिंधी आरपार न्या आणि तारखेसह छोट्या पिशवीत ठेवा. उजव्या नळीची आणि डाव्या नळीची वेगळी. वर्षभराच्या चिंध्या शेजारी मांडल्या की गंज कुठल्या नळीत, कुठल्या ऋतूत हलला ते दिसतं. बंदूक वापरायला काढताना मात्र साठवणीचं सगळं तेल आणि ग्रीस चेंबरपासून तोंडापर्यंत कोरडं पुसायचं, कारण तेलकट चेंबरमध्ये कवच भिंतीला पकडत नाही आणि सगळा धक्का ब्रीचवर येतो. मग दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहूनच काडतूस भरायचं.